प्रवर्तनाने धातू वितळविण्याचा इतिहास : यीसिंगे ते जालना

गोषवारा

विद्युत चुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व १८३१ मध्ये ज्ञात झाले; परंतु त्या तत्त्वावर धातू वितळविणारी व्यवहार्य भट्टी उभी राहण्यास १९०० साल उजाडावे लागले. त्यानंतरच्या शतकात ही भट्टी उत्कृष्ट हत्यारी पोलादाचे साधन म्हणून प्रतिष्ठा पावली आणि पुढे भंगारापासून स्वस्त बांधकाम-पोलाद तयार करणारे साधन म्हणून आशिया खंडात पसरली. प्रस्तुत निबंधात या प्रवासाचे टप्पे तपासले आहेत. प्रवर्तन भट्टी धातू वितळविते, परंतु तो शुद्ध करीत नाही. तिचा हाच गुणधर्म एका काळी तिचे सामर्थ्य ठरला आणि दुसऱ्या काळी तिची मर्यादा ठरला, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : प्रवर्तन भट्टी, मूस-पोलाद, कंप्रता, भंगार, स्पंज आयर्न, जालना

१. प्रस्तावना

धातुविद्येच्या इतिहासात भट्टीचा विचार बहुधा इंधनाच्या अनुषंगाने केला जातो. लोणारी कोळसा, दगडी कोळसा, कोक, वायू व वीज असा क्रम लावून प्रगतीचे चित्र रेखाटले जाते. हे चित्र चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे. भट्टीत उष्णता कोठून येते याइतकेच, त्या उष्णतेसोबत धातूमध्ये आणखी काय प्रवेश करते आणि धातूतून काय बाहेर पडते, हे प्रश्नही महत्त्वाचे असतात. या दृष्टीने प्रवर्तन भट्टीचे स्थान वेगळे आहे. हिच्यात ज्वाला नसते, इंधन धातूला स्पर्श करीत नाही आणि विद्युत अग्रही धातूत बुडविलेले नसते. तांब्याच्या वेटोळ्यातून वाहणारा प्रत्यावर्ती प्रवाह मुशीतील धातूमध्ये दुसरा प्रवाह प्रवर्तित करतो आणि त्या प्रवाहाला धातूकडून होणाऱ्या रोधामुळे धातू स्वतःच तापून वितळतो. उष्णतेचा उगम येथे धातूच्या आतच होतो.

या भट्टीचा इतिहास तीन प्रश्नांच्या आधारे पाहता येतो. तत्त्व ज्ञात असूनही भट्टीला सुमारे सत्तर वर्षे का लागली? तिची जडणघडण कोणत्या अडचणींनी घडविली? आणि महागड्या पोलादासाठी जन्मलेली ही भट्टी स्वस्त पोलादाची भट्टी कशी झाली? या प्रश्नांचा विचार करताना ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

२. पूर्वपीठिका : मूस, उक्कू आणि फॅरडे

द्रवरूप अवस्थेत पोलाद मिळविण्याची कला दक्षिण भारतात फार प्राचीन काळापासून अवगत होती. लोखंडाचे तुकडे वनस्पतिजन्य द्रव्यांसह मातीच्या बंद मुशीत ठेवून दीर्घकाळ तापविले जात. या पोलादाला दक्षिणेतील भाषांत उक्कू वा तत्सम नावे होती. युरोपात ते ‘वूट्झ’ म्हणून ओळखले गेले. त्याचे नमुने १७९४ मध्ये मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध सादर केला. निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईस तयार होते असा उल्लेख आला. प्रत्यक्षात मुंबई हे केवळ ते नमुने रवाना होण्याचे ठिकाण होते.

इंग्लंडमध्ये शेफिल्ड येथे बेंजामिन हंट्समन यांनी १७४० च्या दशकात मूस-पोलादाची स्वतंत्र पद्धती विकसित केली होती. घड्याळाच्या स्प्रिंगा, वस्तरे व कापण्याची हत्यारे यांसाठी एकजिनसी पोलाद हवे असे आणि ते केवळ मुशीतूनच मिळत असे. परंतु भारतीय पोलादाचे गुण शेफिल्डच्या पोलादात का उतरत नाहीत, हे कोडे कायम होते. रॉयल इन्स्टिट्यूशनमधील तरुण मायकेल फॅरडे यांनी १८१९ मध्ये वूट्झचे रासायनिक विश्लेषण केले. पुढे शस्त्रक्रियेची हत्यारे बनविणारे जेम्स स्टोडार्ट यांच्या सहकार्याने त्यांनी पोलादात प्लॅटिनम, चांदी, ऱ्होडियम आदी धातू मिसळून मिश्रधातू तयार केले. त्यासंबंधीचे निबंध १८२० व १८२२ मध्ये प्रसिद्ध झाले. या प्रयोगांत मुशीतील पोलाद पूर्णपणे वितळविण्यासाठी झोताच्या भट्टीवर अवलंबून राहावे लागे.

१८२३ मध्ये स्टोडार्ट यांचे निधन झाले आणि कालांतराने फॅरडे यांचे लक्ष विद्युतशास्त्राकडे वळले. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी लोखंडी कड्याच्या दोन बाजूंस तारांची दोन वेटोळी गुंडाळून एकातील प्रवाह चालू वा बंद करताच दुसऱ्यात क्षणिक प्रवाह निर्माण होतो हे दाखविले. ज्या संशोधकाने भारतीय पोलादाचे रहस्य शोधण्यासाठी मुशी तापविल्या, त्याच्याच हातून पुढे मुशी तापविण्याच्या नव्या साधनाचे तत्त्व प्रकट झाले. या दोहोंचा संबंध मात्र त्या काळी कोणाच्याही ध्यानी येणे शक्य नव्हते.

३. दोषातून उपयोगाकडे (१८३१–१९००)

फॅरडे यांच्या शोधानंतर प्रवर्तित प्रवाहाची उष्णता प्रथम एक अडचण म्हणूनच समोर आली. १८५५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लिऑं फूको यांनी चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरविली असता ती फिरविण्यास अधिक जोर लागतो व तबकडी तापते, हे दाखवून दिले. धातूच्या अंगात भोवऱ्यासारखे फिरणारे हे प्रवाह पुढे भोवरा प्रवाह म्हणून ओळखले गेले. १८८० च्या दशकात प्रत्यावर्ती प्रवाहाची रोहित्रे वापरात येऊ लागली, तेव्हा त्यांच्या लोखंडी गाभ्यात हेच प्रवाह निर्माण होऊन शक्तीचा अपव्यय होई. तो टाळण्यासाठी अखंड गाभ्याऐवजी पातळ, परस्परांपासून विलग केलेल्या पत्र्यांचा गाभा वापरला जाऊ लागला. जी उष्णता अभियंते कटाक्षाने टाळीत होते, तीच हेतुपुरस्सर वाढविली तर धातू वितळविता येईल, ही कल्पना याच वातावरणात पुढे आली.

इंग्लंडमध्ये सेबॅस्टियन झियानी द फेरांटी यांनी १८८७ मध्ये प्रवर्तन भट्टीचे एकस्व घेतले. अमेरिकेत एडवर्ड कोल्बी यांना अशाच स्वरूपाचे एकस्व १८९० मध्ये मिळाले. परंतु एकस्व म्हणजे उद्योग नव्हे. मुबलक व स्वस्त प्रत्यावर्ती वीज उपलब्ध झाल्याखेरीज अशा भट्टीला अर्थ नव्हता. तत्त्व व भट्टी यांच्यामध्ये सत्तर वर्षांचे अंतर पडले त्याचे मुख्य कारण वीजनिर्मितीच्या या स्थितीत आढळते.

हे अंतर भरून निघाले ते स्वीडनमधील यीसिंगे या गावी. डाल नदीच्या काठावरील या जुन्या लोखंडाच्या कारखान्यात जलविद्युत उपलब्ध होती आणि स्वीडिश लोहखनिज शुद्धतेबद्दल ख्यातनाम होते. अभियंता फ्रेडरिक शेलिन यांनी येथे मार्च १९०० मध्ये प्रवर्तन भट्टीतून पोलाद काढले. भट्टीची धारणाशक्ती सुमारे ८० किलो होती. तिची रचना म्हणजे वस्तुतः फॅरडे यांच्या कड्याचेच रूपांतर होते. लोखंडी गाभ्याभोवती प्राथमिक वेटोळे होते. दुसऱ्या वेटोळ्याच्या जागी मात्र तार नव्हती. उच्चतापसह विटांच्या वर्तुळाकार चरात भरलेले वितळलेले पोलाद हेच एका फेऱ्याचे दुय्यम वेटोळे होते.

या पोलादाची तुलना कारखान्याने शेफिल्डच्या मूस-पोलादाशी केली, ही बाब लक्षणीय आहे. बेसेमर (१८५६) आणि सीमेन्स-मार्टिन पद्धतींनी पोलाद स्वस्त व विपुल केले होते. त्यांच्याशी स्पर्धा करणे हा यीसिंगेचा हेतूच नव्हता. उत्तम कच्चा माल कोणत्याही बाह्य दूषितापासून अलिप्त राखून वितळवावयाचा, ही मुशीची जुनी मर्यादा आणि मुशीचीच जुनी प्रतिष्ठा नव्या भट्टीने वारशाने घेतली.

४. वितळलेल्या कड्याच्या अडचणी

शेलिन यांच्या भट्टीत तीन अडचणी होत्या आणि पुढील पंचवीस वर्षांचा विकास त्यांच्या निवारणातूनच झाला.

पहिली अडचण प्रारंभाची होती. दुय्यम वेटोळे हे द्रव धातूचेच असल्याने चर रिकामा असताना परिपथ पूर्ण होत नसे. पहिल्या वेळी धातूचे कडे बसवावे लागे किंवा दुसऱ्या भट्टीतील रस ओतावा लागे. आणि प्रत्येक ओतणीनंतर थोडा रस मागे ठेवावा लागे. साहजिकच वेगवेगळ्या प्रकारची पोलादे एकापाठोपाठ काढणे कठीण होई.

दुसरी अडचण शक्तिगुणकाची, म्हणजे उद्योगजगतात ज्याला पॉवर फॅक्टर म्हणतात त्याची होती. भट्टी जेवढी मोठी तेवढे कडे रुंद होई, चुंबकीय प्रवाहाची गळती वाढे आणि शक्तिगुणक घसरे. त्यावर उपाय म्हणून कंप्रता कमी करण्यात आली. काही मोठ्या भट्ट्यांसाठी सेकंदाला अवघी ५ आवर्तने देणारी स्वतंत्र जनित्रे बसवावी लागली. जर्मनीतील फोल्कलिंगेन येथे रोखलिंग व रोडेनहाउझर यांनी रचनेत बदल करून कार्यक्षेत्र रुंद केले. तथापि गाभ्याचे बंधन सुटले नाही.

तिसरी अडचण अधिक विलक्षण होती. प्रवाह फार वाढविला की द्रव धातूचे कडे आपोआप आवळले जाऊन मध्येच तुटे. एकाच दिशेने वाहणारे प्रवाह परस्परांना आकर्षितात, त्यामुळे हे आकुंचन घडे. कार्ल हेरिंग यांच्या हे निदर्शनास आले आणि एडविन नॉर्थरप यांनी १९०७ मध्ये त्याविषयी सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. या ‘पिंच’ परिणामामुळे भट्टीत किती शक्ती घालता येईल यावर मर्यादा पडली.

अडचणीचा उपयोग करून घेण्याचे श्रेय अमेरिकेतील जेम्स वायट यांच्याकडे जाते. १९१५–१६ च्या सुमारास त्यांनी धातूचा अरुंद मार्ग आडवा न ठेवता मुख्य कुंडाच्या खाली उभा घेतला. वरच्या रसाच्या भारामुळे मार्ग तुटेनासा झाला आणि आकुंचनाच्या त्याच बलामुळे रस सतत खालीवर फिरू लागला. ही भट्टी पितळेसाठी विशेष उपयुक्त ठरली. जस्ताचा उत्कलनबिंदू ९०७ अंश सेल्सिअस आहे. पितळ वितळण्याचे तापमान त्याच्या आसपासच असल्याने इंधनाच्या भट्टीत वरून ज्वाला लागताच जस्ताची वाफ होऊन नुकसान होई. वायट यांच्या भट्टीत उष्णता तळाशी निर्माण होत असल्याने ही हानी घटली.

या बदलाला तात्कालिक कारणही होते. पितळ मुशींमध्ये वितळविले जाई आणि चांगल्या मुशी सिलोनचे ग्रॅफाइट व जर्मनीतील विशिष्ट माती यांपासून बनत. पहिल्या महायुद्धात जर्मन माती मिळेनाशी झाली, त्याच वेळी काडतुसांसाठी पितळेची मागणी अतोनात वाढली. मुशीच्या टंचाईने प्रवर्तन भट्टीला बाजारपेठ मिळवून दिली.

५. गाभ्याविना भट्टी : नॉर्थरप आणि शेफिल्ड

एडविन फिच नॉर्थरप (१८६६–१९४०) हे मापनयंत्रांच्या क्षेत्रातून आलेले भौतिकशास्त्रज्ञ होते आणि प्रिन्स्टन विद्यापीठात अध्यापन करीत. त्यांच्या कल्पनाशक्तीची झेप मोठी होती. उत्तर आयुष्यात, १९३७ मध्ये, त्यांनी टोपणनावाने विद्युत चुंबकीय तोफेच्या साहाय्याने चंद्राकडे जाण्याविषयी कादंबरीही लिहिली. १९१६ च्या सुमारास त्यांनी लोखंडी गाभा पूर्णपणे वगळलेली भट्टी तयार केली.

तिचे तत्त्व समजण्यासाठी प्रत्यावर्ती प्रवाहाचा एक गुणधर्म ध्यानी घेतला पाहिजे. असा प्रवाह संवाहकाच्या संपूर्ण अंगातून सारखा वाहत नाही; तो पृष्ठभागालगत एकवटतो. कंप्रता जितकी अधिक, तितका हा थर पातळ. वितळलेल्या पोलादाच्या बाबतीत सेकंदाला ५० आवर्तनांना या थराची जाडी सुमारे ८ सेंटिमीटर असते, १,००० आवर्तनांना ती २ सेंटिमीटरच्या आत येते आणि २०,००० आवर्तनांना अर्ध्या सेंटिमीटरहूनही कमी होते. मुशीचा व्यास या थराच्या कित्येक पट असेल तरच ऊर्जा धातूत नीट उतरते. त्यामुळे लहान मुशीला उच्च कंप्रता आवश्यक ठरते. आणि कंप्रता पुरेशी उच्च असली की गाभ्याची गरज उरत नाही. मुशीभोवती पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या पोकळ नळीचे वेटोळे असले म्हणजे झाले. शेलिन यांच्या काळात कंप्रता कमी करण्याकडे ओढा होता. नॉर्थरप यांनी नेमका विरुद्ध मार्ग धरला आणि कोंडी फोडली.

उच्च कंप्रतेसाठी त्यांनी ठिणगी-अंतर व धारित्रे यांचा परिपथ वापरला, जो तत्कालीन बिनतारी संदेशवहनाच्या तंत्रज्ञानाचा नातलग होता. १९१९ मध्ये त्यांनी या पद्धतीची तत्त्वे अमेरिकन इलेक्ट्रोकेमिकल सोसायटीपुढे मांडली आणि १९२० मध्ये न्यू जर्सीतील ट्रेंटन येथे अजॅक्स इलेक्ट्रोथर्मिक ही कंपनी स्थापन झाली. ठिणगीचा परिपथ लहान भट्ट्यांनाच पुरेसा होता. मोठ्या भट्टीसाठी उच्च कंप्रतेची फिरती जनित्रे विकसित झाली, तेव्हा ही भट्टी खऱ्या अर्थाने पोलाद उद्योगात आली. १९२७ मध्ये ती शेफिल्डला पोहोचली.

शेफिल्डमधील या आगमनाला प्रतीकात्मक महत्त्व आहे. तेथील मूस-पोलादाचे काम जवळजवळ दोन शतके त्याच पद्धतीने चालले होते. मुशीची माती कामगार उघड्या पायांनी तासन्‌तास तुडवीत. पायाला जाणवणारा बारीकसा खडाही वेचून काढला जाई, कारण त्यामुळे भट्टीत मूस फुटण्याची भीती असे. एक मूस साधारणतः तीन वेळा वापरून टाकून दिली जाई. जमिनीच्या पातळीवरील भट्टीच्या तोंडावर उभा राहून चिमट्याने तापलेली मूस उपसणारा कामगार पायांना व कमरेला ओल्या गोणपाटाचे थर गुंडाळून घेई. रस ‘पिकला’ की नाही, हे अनुभवी डोळाच सांगे. नव्या भट्टीने ही माती तुडविणारी, मुशी उपसणारी आणि कोक वाहणारी माणसे हळूहळू अनावश्यक केली. एक दाहक व शरीर झिजविणारे काम संपले, हे निःसंशय चांगले झाले. परंतु त्यासोबत पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेले एक कौशल्यही लयास गेले.

हे स्थित्यंतर तुलनेने सहजपणे घडले, कारण भट्टी बदलली तरी कामाचे सूत्र बदलले नव्हते. मुशीत घातले जाणारे लोखंड निवडून घेतलेले असे. मूस ते शुद्ध करीत नसे आणि नवी भट्टीही करीत नव्हती. जे घातले तेच एकजिनसी होऊन बाहेर येई. नव्या भट्टीत प्रवाहाच्या बलामुळे रस आपोआप ढवळला जाई, त्यामुळे मिश्रधातू अधिकच एकसारखा होई.

शुद्धतेची ही दिशा पुढे निर्वात भट्टीत पराकोटीस गेली. जर्मनीतील हानाउ येथे विल्हेल्म रोन यांनी १९२० च्या दशकात निर्वात पोकळीत प्रवर्तनाने धातू वितळविण्याचे तंत्र उद्योगाच्या पातळीवर आणले. १९५० च्या दशकात अमेरिकेत फालिह दारमारा यांनी जेट इंजिनांच्या पात्यांसाठी निकेलचे मिश्रधातू याच पद्धतीने तयार केले. या मिश्रधातूंतील ॲल्युमिनियम व टायटॅनियम हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजनशी सहज संयोग पावतात. निर्वातात ज्वालेविना वितळविण्याची सोय नसती तर ते विश्वसनीयपणे मिळाले नसते. भारतात १९७३ मध्ये हैदराबाद येथे स्थापन झालेल्या मिश्र धातु निगम या सार्वजनिक उपक्रमात हेच तंत्र संरक्षण व अवकाश क्षेत्रांसाठी वापरले जाते.

६. थायरिस्टर आणि भट्टीचे सार्वत्रिकीकरण

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भट्टीचे सामाजिक स्थान पालटले ते एका अर्धसंवाहक उपकरणामुळे. १९५७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत थायरिस्टर विकसित झाला. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून फिरत्या जनित्रांऐवजी थायरिस्टरवर आधारलेले स्थिर परिवर्तक येऊ लागले. यांत फिरणारे भाग नव्हते, कार्यक्षमता अधिक होती आणि रस जसजसा बदलेल तसतशी कंप्रता आपोआप जुळवून घेता येत असे. भट्टी थंड अवस्थेतून सुरू करता येऊ लागली व संपूर्ण रिकामीही करता येऊ लागली. भांडवल कमी, जागा कमी आणि कुशल मनुष्यबळाची गरजही मर्यादित, अशी ही भट्टी मध्यम उद्योजकाच्या आवाक्यात आली.

भारतात ओतकामासाठी लहान प्रवर्तन भट्ट्या १९६० च्या दशकापासून होत्या. १९७० च्या दशकात भंगारापासून पोलाद करणारे छोटे कारखाने प्रामुख्याने विद्युत प्रज्योत भट्टीवर चालत. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी काही उद्योजकांनी प्रवर्तन भट्टीत प्रथम स्टेनलेस स्टीलचे व नंतर साध्या पोलादाचे भंगार वितळवून पिंडे ओतण्यास सुरुवात केली. प्रज्योत भट्टीत लागणारे महागडे ग्रॅफाइटचे विद्युत अग्र येथे लागत नव्हते. १९९१ च्या उदारीकरणाने पोलादनिर्मितीवरील परवान्याचे बंधन उठविले आणि या क्षेत्राचा विस्तार वेगाने झाला.

भंगाराचा तुटवडा स्पंज आयर्नने भरून काढला. कोळशाच्या साहाय्याने, लोहखनिज न वितळविता, त्यातील ऑक्सिजन काढून घेतला की सच्छिद्र लोखंड मिळते. भारतातील अशा प्रकारचा पहिला कोळशावर आधारित प्रकल्प १९८० मध्ये आंध्र प्रदेशातील, आता तेलंगणात असलेल्या, पालोंचा येथे सुरू झाला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारत जगातील सर्वांत मोठा स्पंज आयर्न उत्पादक झाला. देशातील एकूण पोलादाचा पाव ते एक तृतीयांश भाग प्रवर्तन भट्ट्यांतून येऊ लागला. मोठ्या पोलाद-उत्पादक देशांत असे उदाहरण अन्यत्र नाही.

७. महाराष्ट्रातील दोन रूपे : कोल्हापूर आणि जालना

महाराष्ट्रात प्रवर्तन भट्टीची दोन भिन्न रूपे आढळतात. कोल्हापूर परिसरातील ओतशाळांचा उगम शेतीची अवजारे, उसाचे चरक व तेलावर चालणारी इंजिने यांच्या सुट्या भागांत आहे. उद्यमनगरातून पुढे शिरोली व गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींत हा व्यवसाय विस्तारला. येथे बीड वितळविण्यासाठी कोकवर चालणारा क्युपोला प्रचलित होता. क्युपोलामध्ये कोक व लोखंड एकत्र असल्याने कोकमधील गंधक रसात उतरतो. मोटार उद्योगाला जेव्हा गोलाकार ग्रॅफाइट असलेले चिवट बीड हवे झाले, तेव्हा हा गंधक अडसर ठरला, कारण रसात गंधक अधिक असल्यास ग्रॅफाइटला गोलाकार येत नाही. प्रवर्तन भट्टीत कोक नसल्याने ही अडचण मुळातच टळते. येथे भट्टीचा उपयोग शेफिल्डच्या परंपरेला धरून, म्हणजे निवडक मालाच्या गुणवत्तेसाठी झाला आहे.

जालन्याचे उदाहरण निराळे आहे. या जिल्ह्यात लोहखनिज नाही, कोळसा नाही आणि बंदरही नाही. तरीही बियाणे उद्योगासोबत बांधकामाच्या सळयांसाठी जालना राज्याबाहेरही परिचित झाले. पोलाद कारखाना खाणीजवळ वा समुद्राजवळ असावा हा जुना नियम येथे लागू पडत नाही. वीज, भंगार आणि बाजारपेठ एवढ्यावर हा उद्योग उभा आहे. एक टन पोलाद वितळविण्यास साधारणपणे ५०० ते ६५० युनिट वीज लागते आणि स्पंज आयर्नचे प्रमाण वाढले की हा आकडाही वाढतो. त्यामुळे वीजदरातील प्रत्येक बदल कारखान्याच्या अस्तित्वाला स्पर्श करतो आणि दीर्घकाळ सवलतीच्या दरामुळे रात्रपाळी हाच खरा कामाचा वेळ राहिला. यीसिंगे येथे नदीने जे केले, ते येथे वीज मंडळाच्या दरपत्रकाने केले आहे.

कामगाराच्या दृष्टीने पाहता शेफिल्डचे गोणपाट गेले असले तरी जोखीम संपलेली नाही. भंगारातील बंद डबा किंवा ओलसर तुकडा रसात पडला तर वाफेच्या दाबाने रस उसळतो. अस्तराला तडा जाऊन रस पाण्याच्या नळीपर्यंत पोहोचला तर स्फोट होऊ शकतो. या दोन्ही धोक्यांचे निवारण भंगार निवडण्याच्या आणि अस्तर ठोकण्याच्या कामावर अवलंबून असते. आणि ही कामे बहुधा सर्वांत कमी वेतनाच्या कामगारांकडे असतात.

८. शुद्धीकरणाचा प्रश्न आणि चीनचा निर्णय

भारतातील प्रवर्तन भट्ट्यांचे अस्तर प्रायः सिलिकाचे, म्हणजे अम्लधर्मी असते. पोलादातील फॉस्फरस काढण्यासाठी चुनायुक्त अल्कधर्मी मळी लागते. ती हे अस्तर खाऊन टाकते. शिवाय विजेने तापतो तो धातू; मळी विजेची संवाहक नसल्याने तुलनेने थंड राहते व रासायनिक क्रिया मंदावते. त्यामुळे भंगारातील गंधक व फॉस्फरस, तसेच भारतीय लोहखनिजातून स्पंज आयर्नमध्ये आलेला फॉस्फरस, बहुतांशी पोलादात तसाच राहतो. गंधकाने पोलाद तप्त अवस्थेत आणि फॉस्फरसाने सामान्य तापमानात ठिसूळ होते. भारतीय मानक आयएस १७८६ मध्ये ‘एफई ५००’ प्रतीच्या सळईस गंधक व फॉस्फरस प्रत्येकी ०.०५५ टक्के, तर अधिक लवचीक ‘एफई ५०० डी’ प्रतीस प्रत्येकी ०.०४० टक्के ही कमाल मर्यादा आहे. या दोन आकड्यांमधील फरक कागदावर किरकोळ वाटतो. भूकंपाच्या वेळी सळई वाकते की तुटते, यात त्याचा वाटा असतो.

चीनने या प्रश्नाला निर्णायक उत्तर दिले. तेथे प्रवर्तन भट्टीत भंगारापासून केलेल्या, गुणवत्तेची हमी नसलेल्या पोलादाची बेकायदा निर्मिती प्रचंड प्रमाणावर होत होती. ३० जून २०१७ ही अंतिम मुदत ठरवून शासनाने अशी दहा कोटी टनांहून अधिक उत्पादनक्षमता बंद केली. त्यांपैकी काही जुनी यंत्रसामग्री आग्नेय आशियात स्थलांतरित होत असल्याबद्दल तेथील पोलाद उद्योगाने चिंताही व्यक्त केली.

भारताने हा मार्ग स्वीकारला नाही. सळयांसाठी मानकाचे प्रमाणन सक्तीचे करणे, रस वेगळ्या पात्रात घेऊन शुद्ध करणे आणि प्रत्येक ओतणीची वर्णपटमापकावर तपासणी करणे, असे उपाय येथे योजले गेले. या भूमिकेच्या बाजूने काही गोष्टी सांगता येतात. भंगारातील तांबे व कथिल कोणत्याही प्रचलित पोलाद भट्टीत निघत नाही. तेथे प्रवर्तन भट्टी एकटीच दोषी नाही. उलट स्पंज आयर्नमध्ये तांबे नसल्याने त्याच्या मिश्रणाने हा दोष सौम्य होतो. शिवाय भंगाराचा पुनर्वापर खनिजापासून पोलाद करण्याच्या तुलनेत ऊर्जा वाचवितो. परंतु हे सर्व युक्तिवाद एका अटीवर अवलंबून आहेत : भट्टीत काय घातले जाते याची दक्षता आणि बाहेर काय येते याची प्रामाणिक तपासणी.

९. निष्कर्ष

१. प्रवर्तन भट्टीच्या विकासाला तत्त्वाच्या शोधाने नव्हे, तर योग्य कंप्रतेची स्वस्त वीज उपलब्ध होण्याने गती मिळाली. जलविद्युत, ठिणगीचा परिपथ, फिरते जनित्र व थायरिस्टर हे तिच्या इतिहासाचे खरे टप्पे आहेत.

२. प्रत्येक टप्प्यावर पूर्वी दोष मानलेल्या गोष्टीचा उपयोग झाला. गाभ्यातील अनिष्ट उष्णता, द्रव धातूचे आकुंचन आणि पृष्ठभागाकडे एकवटणारा प्रवाह ही त्याची उदाहरणे होत.

३. ही भट्टी मुशीची वारसदार आहे. मुशीप्रमाणेच ती आपल्याकडे आलेला धातू बिघडवीत नाही आणि सुधारीतही नाही. कच्चा माल निवडक होता तोवर हा गुण ठरला. माल अनिवड झाला तेव्हा तोच दोष ठरला.

४. यीसिंगे, शेफिल्ड, कोल्हापूर व जालना येथील भट्ट्यांमध्ये भौतिकशास्त्राचा भेद नाही. भेद आहे तो निवडीचा. मूस-पोलादाच्या काळात ही निवड कारागीर आपल्या नावलौकिकासाठी करीत असे. आता ती भंगाराच्या आवारात, खरेदी विभागात आणि तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. या तीन ठिकाणी किती काटेकोरपणा राहतो, यावर सामान्य माणसाच्या घराच्या खांबातील सळईची विश्वासार्हता अवलंबून आहे.